मरणोन्मुख कैदी आणि राज्याचा न्याय

दहशतीच्या कृत्यासाठीं शिक्षा भोगणारा कैदी असाध्य रोगानें मरणाच्या दारीं येऊन पोंचला, तर त्याला सोडावें कीं तुरुंगांतच मरूं द्यावें? हा प्रश्न आज न्यायालयांत विचारला जातो. इंग्रजी अमदानींतही तो आपल्या प्रांतांत उभा राहिला होता. महाराष्ट्राच्या इतिहासांत त्याचीं दोन परस्परविरुद्ध उत्तरें नमूद आहेत. एक एडनच्या तुरुंगांतलें, दुसरें साबरमतीच्या. तीं श्रोत्यांपुढें ठेवून त्यांतून कोणता नियम निघतो, हें आज पाहावयाचें आहे.

पहिलें उदाहरण वासुदेव बळवंत फडके यांचें. लष्कराच्या हिशेबखात्यांत कारकुनी केलेल्या या गृहस्थानें 1879 सालीं रामोशांना हाताशीं धरून बंड पुकारलें व त्यासाठीं दरोडे घातले. पाठलाग सुरू होतांच ते निजामाच्या मुलखांत उतरले. अखेर 20 जुलै 1879 रोजीं, त्या वेळच्या कलादगी जिल्ह्यांतील देवर नावडगी या गांवीं, तापानें जर्जर झालेल्या स्थितींत ते मेजर डॅनियल यांच्या हातीं लागले. पुण्यास खटला चालून जन्मठेप झाली व त्यांची रवानगी एडनला झाली. 1880 मध्यें ते तेथून निसटले, पण पुन्हां पकडले गेले. पुढें शरीर खंगत गेलें, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजीं, अवघे 37 वर्षांचे असतां, त्यांनीं त्याच तुरुंगांत देह ठेवला. सरकारच्या लेखीं ते दरोडेखोर व राजद्रोही होते. अशा माणसाला मरावयास घरीं धाडण्यांत आलें नाहीं.

दुसरें उदाहरण गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांचें. ‘अभिनव भारत’ या गुप्त संस्थेचे ते आधारस्तंभ. राजद्रोही ठरलेल्या कवितांच्या प्रकाशनाबद्दल जून 1909 मध्यें त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अंदमानांत त्यांच्या वांट्याला कोलू आला, आजार आले. 1919 सालीं त्यांच्या पत्नी येसूवहिनी पतीची भेट न होतांच वारल्या. 1921 मध्यें बाबारावांना हिंदुस्थानांत आणलें, तेव्हां शरीराचा नुसता सांगाडा उरला होता. साबरमतीच्या तुरुंगांत क्षयानें ते इतके खालावले कीं आतां वांचण्याची आशा नाहीं असें दिसूं लागलें, आणि सप्टेंबर 1922 मध्यें सरकारनें त्यांना मुक्त केलें. तुरुंगांत मेलेला क्रांतिकारक जिवंत कैद्यापेक्षां राज्यकर्त्यांना अधिक जड जातो, हा हिशेब त्यांत नव्हता असें कोण म्हणेल?

परंतु ज्याला मरण्यासाठीं सोडलें तो माणूस मेला नाहीं. बाबाराव पुढें साडेबावीस वर्षें जगले, ग्रंथ लिहिले, राजकारणांत वावरले, आणि 16 मार्च 1945 रोजीं सांगलीस निवर्तले. हीं वर्षें दोन्हीं पक्षांना पुरावा पुरवितात. एक पक्ष म्हणेल, तुरुंगच त्यांना मारीत होता, दार उघडतांच प्राण वांचला. दुसरा म्हणेल, वैद्यांचें भाकित खोटें ठरलें आणि सरकार फसलें. हाच वाद स्कॉटलंडांत झाला. 1988 च्या लॉकर्बी विमानस्फोटांत 270 माणसें मेलीं. त्या गुन्ह्याबद्दल 2001 मध्यें दोषी ठरलेल्या अब्देल बासेत अल् मेग्राही याला कर्करोगामुळें फार तर तीन महिने उरले असें मानून 20 ऑगस्ट 2009 रोजीं सोडण्यांत आलें. तो मे 2012 पर्यंत जगला. त्या अवधींत मृतांच्या अनेक आप्तांना काय वाटलें असेल, तें सांगावयास नको.

येथें कोणी म्हणेल कीं फडके व सावरकर हे देशभक्त, त्यांची तुलना निरपराधांचा संहार करणाऱ्यांशीं नको. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नियमाची परीक्षा आपल्या माणसावर घेऊं नये; ज्याच्याविषयीं मनांत चीड आहे त्याच्यावर घ्यावी. आमच्या बेंबळीच्या परिसराला असा माणूस दूर शोधावा लागत नाहीं. हा सारा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील लातूरचा वकील. स्वतंत्र भारतांत त्याला दरोड्याच्या खटल्यांत शिक्षा झाली. 1957 मध्यें सुटून तो पाकिस्तानांत गेला व 1970 सालीं कराचीस मेला. समजा, तो कैदेंतच असाध्य रोगानें अंथरुणाला खिळला असता, तर ज्यांचीं घरें जळलीं त्यांच्यापुढें उभें राहून आपण काय सांगितलें असतें? बाबारावांसाठीं जो नियम आपण मागतों, तोच रझवीसाठीं उच्चारण्याची तयारी नसेल, तर तो नियम नव्हे, निव्वळ पक्षपात होय.

माझें उत्तर असें कीं, होय, तेथेंही तोच नियम लावावा. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य हिरावणें. श्वास कोंडून मारणें हा शिक्षेचा भाग नव्हे. जो उठूं शकत नाहीं त्याला कोंडून समाजाचें रक्षण होत नाहीं. मागें उरतो तो केवळ सूड. शिवाय ‘दहशतवादी’ हा शिक्का चुकूं शकतो. गडचिरोलीच्या न्यायालयानें मार्च 2017 मध्यें प्राध्यापक साईबाबा व त्यांच्यासह इतरांना दोषी ठरविलें. नव्वद टक्के अपंग असलेल्या साईबाबांनीं आजारपणाच्या कारणावरून मागितलेला जामीन नाकारला गेला. त्यांच्याबरोबरचा पांडू नरोटे हा तरुण ऑगस्ट 2022 मध्यें नागपुरास कैदेंतच वारला. मार्च 2024 मध्यें उच्च न्यायालयानें सर्वांना निर्दोष ठरविलें. साईबाबा सुटले, पण त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें गेले. नरोटेला तो निकाल ऐकावयास मिळालाच नाहीं. बंधन मागाहून काढतां येतें. मरण मागें घेतां येत नाहीं.

मात्र सुटका म्हणजे क्षमा नव्हे आणि गौरव तर नव्हेच. इंग्रजांच्या 1898 च्या फौजदारी कायद्याच्या 401 व्या कलमांत शिक्षा अटींवर तहकूब किंवा माफ करण्याचा अधिकार होता. तोच आज 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 473 व्या कलमांत आहे. अट मोडल्यास सुटका रद्द होते. राज्यपालांस घटनेच्या 161 व्या कलमानें स्वतंत्र अधिकार आहे. साधनें हातीं आहेत. हवी ती शिस्त. प्रकृतीची तपासणी तुरुंगाशीं संबंध नसलेल्या वैद्यांनीं करावी. राहण्याचें ठिकाण ठरवून द्यावें, सभा-मिरवणुकींस मनाई असावी. प्रकृति सुधारली तर कैद पुन्हां चालू व्हावी. आणि ज्यांचीं माणसें मेलीं त्यांना ही वार्ता वर्तमानपत्रांतून कळूं नये. अधिकाऱ्यानें त्यांच्या दारीं जाऊन कारण सांगावें. नकाराचा अधिकार त्यांस देतां येणार नाहीं, पण विचारपूस हा त्यांचा हक्क आहे.

एडनला राज्य कठोर राहिलें. साबरमतीस तें नमलें. फडके तुरुंगांत मेल्यानें इंग्रजी सत्ता बळकट झाली नाहीं, आणि बाबाराव सुटल्यानें ती कोसळलीही नाहीं. मरणाऱ्या शत्रूला घरचें अंथरूण दिल्यानें राज्याचें बळ घटत नाहीं, हाच या दोन तुरुंगांचा इतिहास आहे.