थोडंसं विष औषध असतं का?

मंडळी, आमच्या संभाजीनगरचा काळा पाषाण या बाबतीत सोवळा. वेरूळची लेणी ज्यात कोरली, त्या बेसॉल्टमध्ये थोरियम, युरेनियम फार कमी. उलट केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे थोरियम भरपूर. तिथले लोक पिढ्यानपिढ्या त्या वाळूवरच राहतात.

थोडा किरणोत्सर्ग अंगाला चांगला, ही कल्पना जुनी आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत रेडियमचं पाणी टॉनिक म्हणून बाटल्यांतून विकलं जाई. एबेन बायर्स हा उद्योगपती डॉक्टरांच्या सल्ल्याने ते पीत राहिला. जबड्याचं हाड झडलं, १९३२ साली तो गेला. रेडियम हाडांत साठतं, त्यामुळे रोजचं थोडंथोडं थोडं राहत नाही!

तरी कल्पना टिकली. १९८० साली लकी या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिच्यावर पुस्तकच लिहिलं. तर्क असा, की किंचित इजा झाली की पेशींची दुरुस्ती-यंत्रणा जागी होते. प्रयोगशाळेत काही वेळा असं दिसलंही आहे.

आणि माणसांत? करुनागप्पळ्ळीतल्या सुमारे ७० हजार लोकांची सरासरी साडेदहा वर्षं नोंद ठेवली गेली. २००९ साली निष्कर्ष छापून आला: जास्त किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही.

पण "वाढला नाही" म्हणजे "कमी झाला" नव्हे. तेव्हा नातेवाईक मंडळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या एक्स-रेला घाबरू नका. पण किरणोत्सर्गाचं टॉनिक कुणी विकायला आलं, तर त्याला बायर्सची गोष्ट सांगा.