दिनविशेष : २० जानेवारी

भारतातील पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मूळच्या परभणी येथील शीला डावरे यांना २० जानेवारी २०१८ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते गौरवण्यात आले. आपापल्या क्षेत्रात पहिले पाऊल टाकणाऱ्या ११२ महिलांचा हा सन्मान केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने आयोजित केला होता. १९८८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, घरच्यांचा विरोध पत्करून अवघ्या बारा रुपयांनिशी त्या परभणीहून पुण्यास आल्या. तेथे त्यांना रिक्षा चालवायची होती; परंतु भाड्याने, म्हणजे दिवसाकाठी ठरावीक रक्कम मालकास देण्याच्या बोलीवर, रिक्षा द्यायला प्रारंभी कोणी मालक तयार होईना. नकाराचे कारण वाहनकौशल्याचा अभाव हे नव्हते, तर चालक स्त्री असणे हे होते, ही बाब विशेष नोंदवण्याजोगी आहे. पुढे बचत गटाच्या साहाय्याने त्यांनी स्वतःची रिक्षा घेतली, २००१ पर्यंत ती चालवली आणि नंतर पतीसह प्रवासी वाहतुकीचा व्यवसाय उभारला. लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्सनेही त्यांची नोंद घेतली. महाराष्ट्रात रिक्षा परवान्यांत, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या शासकीय अनुमतीत, महिलांसाठी पाच टक्के आरक्षण लागू होण्यास मात्र २०१६ उजाडावे लागले.