बाराचे वय: यवतमाळ जिल्ह्यातील राखणीच्या बंदुका आणि त्यांचा दारूगोळा

राखणीसाठी भरून ठेवलेल्या बंदुकीतला बार किती दिवस भरवशाचा राहतो, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात मुख्यतः शेताच्या जागलीशी जोडलेला आहे. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधल्या मुलखात केळापूर, राळेगाव, वणी, पुसद, उमरखेड या बाजूंना जंगल थेट शिवाराला भिडते. कापूस, ज्वारी, तूर उभी असताना रानडुकरे आणि रोही रात्री शेतात उतरतात. अस्वल, बिबट आणि वाघ यांची धास्ती वेगळीच. अशा ठिकाणची बंदूक हंगामभर रोज रात्री भरलेली असते आणि उडते मात्र क्वचित. जुन्या दारूगोळ्याचा सगळा घोळ या दोहोंच्या मधल्या काळातला आहे. रोज उडणाऱ्या बंदुकीत जुना बार उरतच नाही.

निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यातला हा भाग पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव १९०५ मधले. तह झाला त्या काळातल्या बंदुका ठासणीच्या. जुन्या तोडेदार बंदुकीत कानावर रंजक ओतून ती पेटत्या तोड्याने शिलगवावी लागे. एकोणिसाव्या शतकात टोपीची बंदूक पसरली आणि रंजकीची जागा स्फोटक मसाला भरलेल्या तांब्याच्या इवल्याशा टोपीने घेतली. नळी भरण्याची तऱ्हा मात्र तीच राहिली. आधी मोजून दारू ओतायची, तिच्यावर कापसाचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, आणि ते नळीतून घरंगळू नयेत म्हणून वर आणखी एक बोळा. टोपी सगळ्यात शेवटी.

या काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असे. शुद्ध सोरा ओल फारशी धरत नाही, पण कच्च्या सोऱ्यात मिठासारखे क्षार राहून गेलेले असतात आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतात. मृगापासून हस्तापर्यंत नळीत पडून राहिलेली दारू ढेकळासारखी धरते. मग चाप ओढल्यावर टोपी फुटते आणि बार उडतच नाही. त्याहून वाईट म्हणजे तो क्षणभर थांबून उडतो. न उडालेल्या बाराने डुक्कर सुटते. उशिरा उडणाऱ्या बाराने जवळचा माणूस जायचा, कारण तोवर बंदूक खांद्यावरून खाली आलेली असते. म्हणूनच बार दगा देतो तेव्हा नळीचे तोंड निर्धोक दिशेला धरून अर्धा मिनिट तरी थांबावे, असा शिरस्ता बंदूक शिकवणारे आजही सांगतात.

भरलेला बार काढून टाकण्याचे दोनच मार्ग होते. एक, तो हवेत उडवून टाकणे. यात दारू आणि छर्रे फुकट जात. दुसरा, गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून बोळे उपसणे. हे काम वेळखाऊ आणि जोखमीचे. टोपी तेवढी नवी लावून वेळ मारून नेण्याचा मोह त्यामुळे नेहमीच मोठा. बार उडवला तरी नळीत राहणारी काजळी ओल धरून लोखंड खाते, म्हणजे उडवल्यानंतर गरम पाण्याने नळी धुणे आणि तेलाचा हात फिरवणे आलेच. खंडेनवमीला शस्त्रे बाहेर काढून, पुसून पूजण्याची रूढी महाराष्ट्रभर आहे आणि ती येते नेमकी पावसाळा ओसरताना. धार्मिक अर्थ काहीही असो, ओल खाल्लेली हत्यारे तपासायला पंचांगातला याहून सोयीचा दिवस सापडणार नाही.

१८६० नंतर मागून भरायच्या बंदुका आणि तयार काडतुसे आली. दारू, बोळा, छर्रे आणि टोपी एकाच नळकांड्यात आल्याने संध्याकाळी बंदूक भरणे आणि सकाळी रिकामी करणे हे हातासरशी होऊ लागले. मात्र बारा बोअरच्या काडतुसाचे बूड पितळी आणि अंग कागदी. पावसाळी हवेत कागद फुगला की काडतूस नळीत बसत नाही; जबरदस्तीने बसवले तर उडाल्यावर निघत नाही. प्लास्टिकच्या अंगाची काडतुसे १९६० पासून बाजारात येऊ लागली, तेव्हा कुठे ही कटकट कमी झाली.

दारूही बदलली होती. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली. नायट्रोसेल्युलोजची ही दारू ओलीला काळ्या दारूइतकी बधत नाही. तिचा शत्रू उष्णता. ती आतल्या आत सावकाश विघटित होत राहते आणि तापमान वाढले की तो वेग वाढतो. हे रोखण्यासाठी तिच्यात डायफेनिलअमीनसारखे स्थिरक घालतात, पण तेही हळूहळू खर्ची पडते. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला डबा आणि जाड भिंतीच्या खोलीतला डबा यांचे आयुष्य सारखे नसते. कोरड्या, थंड जागी बंद ठेवलेली काडतुसे दशकानुदशके टिकतात. अंगावर वागवलेल्यांचे तसे नाही. कातडी पट्ट्यातल्या आम्लामुळे पितळेवर हिरवा कळंक चढतो, घाम आणि तेल टोपीपर्यंत झिरपते, आणि तेच काडतूस रोज भरून काढल्याने कड झिजते, तोंडाची घडी सैल होते. रोज बाळगलेली काडतुसे सहा महिने ते वर्षभरात सरावात उडवून नवी घ्यावीत, असा आजचा सर्वसाधारण दंडक याच कारणांवरून आला.

जागलीच्या शेतकऱ्याला हा दंडक पाळणे कधीच सोपे नव्हते. १८७८ च्या हत्यार कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात बंदूक आणि दारूगोळा परवान्याखाली आणला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असल्याने तेथे ब्रिटिश कायदे स्वतंत्र आदेशांनी लागू होत. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे: खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती अपुरी पडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी. म्हणजे काडतुसांच्या युगात शंभर वर्षे लोटल्यावरही कायद्याने शेतकऱ्यापुढे आधी ठेवली ती ठासणीचीच, ओलीपुढे सर्वांत दुबळी असलेली बंदूक.

काडतुसांचा हिशेब तर आणखी काटेकोर. परवान्यावर किती काडतुसे बाळगता येतील हे लिहिलेले असते आणि दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद त्यावर करतो. ती किती जुनी आहेत, याला रकाना नाही. ज्याच्या वाट्याला मोजकीच काडतुसे येतात आणि ती आणायला तालुका ओलांडून जावे लागते, तो चांगली दिसणारी काडतुसे केवळ वर्ष उलटले म्हणून सरावात कशी उडवील? जुना साठा साठत गेला तो निष्काळजीपणापेक्षा टंचाईमुळे, असेच म्हणावे लागते. त्यात निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि काही आठवडे बंदूक मालकाच्या देखभालीबाहेर राहते.

बाराच्या वयाचा प्रश्न जिल्ह्यात सर्वांत जाहीरपणे चर्चिला गेला तो वेगळ्याच निमित्ताने. पांढरकवडा वनविभागातील टी-१ ऊर्फ अवनी या वाघिणीवर १३ जणांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीजवळ ती गोळी लागून मेली. तिला आधी भुलीचे औषध भरलेला बाण मारल्याचे सांगण्यात आले होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने बाणातल्या औषधाच्या वयावरही बोट ठेवले: तयार केल्यापासून २४ तासांत वापरायचे औषध ५६ तासांपूर्वीचे होते. भुलीचा बाण हाही एक बारच. तो शोधमोहिमेत दिवसेंदिवस तयार ठेवावा लागतो, उडवायची वेळ अवचित येते, आणि बदलण्याची मुदत मात्र काडतुसासारखी वर्षांत नव्हे, तासांत मोजायची असते.

त्याच महिन्यात, २० नोव्हेंबरला, शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराच्या परिसरात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण दगावले. याच भांडारात ३१ मे २०१६ ला मोठी आग लागली होती. सदोष सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याची बाब त्या वेळी पुढे आली. लष्करी साठ्याला तुकडीवार क्रमांक, उत्पादनाचे वर्ष आणि ठरावीक काळाने चाचणी असते. एवढी शिस्त असूनही वय झालेला दारूगोळा हाताळणे आणि संपवणे हेच सर्वांत धोक्याचे काम ठरते, तर घरच्या फडताळातल्या डब्याबद्दल वेगळे सांगायला नको.

अलीकडे जागलीतून बंदूक मागे पडत आहे. रानडुक्कर आणि रोही यांना मारण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि सौर कुंपणासाठी शासनाच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा उरली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. परवाना संपला किंवा परवानेधारक वारला की शस्त्र कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे बंदूक आणि उरलेली काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागतात. वारसाला बंदूक पुढे चालवायची असेल, तर स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. तो हाती येईपर्यंत जुनी काडतुसे घरात ठेवणे हाही गुन्हाच आहे.