मुस्तफाचा खोका

वाराणसी छावणीत पोस्टिंग आलं की पाहुण्यांची रांग लागते. सगळ्यांनाच काशी करायची असते. घाट, गंगा आरती आणि सारनाथ यांचा मी पहिल्या सहा महिन्यांतच सराईत गाईड झालो. त्यामुळे एका रविवारी बिघडलेला ॲम्प्लिफायर काखोटीला मारून मी लहुराबीरच्या बाजूला एकटाच निघालो, तेव्हा खरं तर सुट्टीच घेतली होती.

दुकान म्हणजे गल्लीतली एक अरुंद खोली. टीव्ही दुरुस्त करणारे चाचा सत्तरीचे. त्यांच्या मागे, जुन्या पिक्चर ट्यूबांच्या ढिगाऱ्याआड, प्लायवुडचा एक उंच खोका भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाजूचा सनमायका उकललेला. पण ती तिरपी पाठ मी कुठेही ओळखली असती. दोघांनी मिळून खोका फिरवला. काच, काचेखाली दांड्या, बटणांची भोकं, खाली नाणं टाकायची फट.

"ये क्या है चाचा?"

"मुस्तफा," चाचा म्हणाले. "चलता नहीं."

ज्यांचं शाळकरी वय नव्वदच्या दशकात गेलं त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. जपानमधल्या ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' नावाचा खेळ काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवर तो बेतलेला होता. त्यात निवडायला चार पात्रं, त्यातला एक टोपीवाला मुस्तफा कैरो. धावत येऊन लाथ मारण्यात त्याचा हात, म्हणजे पाय, कोणी धरू शकत नसे. भारतभरच्या पोरांनी कंपनीचं लांबलचक नाव बाजूला ठेवलं आणि खेळाचं नाव 'मुस्तफा' करून टाकलं. साताऱ्यात आम्ही तेच म्हणायचो आणि बनारसमध्येही तेच म्हणत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

चाचांनी खोका भंगाराच्या भावात दिला. अट एकच घातली: दुरुस्ती इथेच होईल, त्यांच्या देखत. "ट्यूब से खेलिएगा तो मर जाइएगा, कर्नल साहब." अट रास्त होती. चालू पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी चार्ज आत राहू शकतो. मी इन्फंट्रीचा माणूस. सोल्डरिंग गन धरायला मी पंचेचाळिसाव्या वर्षी त्या खोलीत शिकलो. पहिला धडा होता लांब स्क्रू-ड्रायव्हरला अर्थची वायर बांधून ट्यूब आधी रिकामी करण्याचा.

खोका उघडल्यावर मला तो एखाद्या उत्खननासारखा वाटला. एकेका थरात एकेक काळ होता.

या यंत्रांचा सुरुवातीचा इतिहास तसा सरळ आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' केला, १९८० मध्ये नामकोचा 'पॅक-मॅन' आला आणि नाण्यावर चालणारे व्हिडिओ गेम जगभर पसरले. पण तेव्हा प्रत्येक कंपनीचं वायरिंग वेगळं असे. खेळ बदलायचा तर आतलं सगळं उपसावं लागे. १९८५ मध्ये जपानमधल्या यंत्र-उत्पादकांच्या संघटनेने एक ठराविक जोडणी ठरवली. तिचं नाव संघटनेच्या आद्याक्षरांवरून 'जामा' पडलं. छप्पन्न पिनांची एकच पट्टी. जुना बोर्ड उपसा, नवा खोचा, वीज, चित्र, आवाज, दांड्या, सगळं आपापल्या जागी जोडलं जातं. रायफल तीच, फक्त मॅगझीन बदला, असा प्रकार. भारतातल्या पार्लरवाल्यांना याचा मोठा फायदा झाला. स्थानिक सुताराकडून प्लायवुडचा खोका करून घ्यायचा, आत रंगीत टीव्हीची ट्यूब बसवायची आणि खेळ जुना झाला की फक्त बोर्ड बदलायचा.

माझ्या खोक्यात हे सगळं दिसत होतं. मूळ पॅनेलला दोन दांड्या आणि मोजकी बटणं. पुढे प्रत्येक बाजूला सहा बटणं व्हावीत म्हणून भोकं वाढवलेली. हे १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'चं काम, कारण त्याला तीन ठोसे आणि तीन लाथा लागतात. मग त्यातली काही भोकं प्लायच्या चकत्यांनी बुजवलेली आणि मधोमध हातकरवतीने जागा करून तिसरी दांडी बसवलेली. मुस्तफा तिघांना एकत्र खेळता येतो. जामाच्या पट्टीत मात्र दोनच खेळाडूंच्या वायरी असतात, म्हणून तिसऱ्यासाठी वेगळी वायर ओढलेली. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने हिंदीत यादी होती: कोणता बोर्ड केव्हा लावला, ईएचटी केव्हा बदलला, कोणाकडून किती येणं आहे. शेवटच्या ओळीत '२००३' आणि पुढे 'बंद'. अक्षर चाचांचं.

आमच्या गावी तो बंद होण्याचं वर्ष आधीचं होतं. एस.टी. स्टँडजवळच्या गाळ्यात चार यंत्रं होती, एक रुपयाला एक डाव. मी बाबांच्या खुंटीवरच्या शर्टातून नाणी काढत असे. एका संध्याकाळी बाबा स्वतः त्या गाळ्यात आले आणि माझ्या मानगुटीला धरून मला घरी घेऊन गेले. मुस्तफा तेव्हा तिसऱ्या टप्प्यात होता. घरी जे झालं ते सांगत नाही. पण मारापेक्षा बाबांचा एक शब्द लक्षात राहिला: जुगार.

तसं मानणारे बाबा एकटे नव्हते. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली, पोलिसांनी जप्त केलेली यंत्रं स्वतः घणाने फोडून छायाचित्रं काढून घेतली, आणि धातू युद्धाच्या कामाला लावण्याची भाषा केली. ही बंदी उठायला १९७६ उजाडलं. रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगर परिषदेसमोर यंत्रावर खेळून, चेंडू कुठून जाईल ते आधी सांगून, तसा घालवून दाखवला. हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे, हा त्याचा मुद्दा होता. आपल्याकडे हाच वाद एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ च्या निकालात न्यायालयाने व्हिडिओ गेम पार्लरना परवान्याची सक्ती योग्य ठरवली.

गंमत म्हणजे ज्या खोक्याला घरी जुगार म्हणत होते, त्यात सैन्याने आधीच शिक्षक पाहिला होता. अटारी कंपनीचा १९८० चा 'बॅटलझोन' हा रणगाड्याचा खेळ पाहून अमेरिकन सैन्याच्या बाजूने विचारणा झाली, की यात बदल करून ब्रॅडली या चिलखती वाहनाच्या गनरना शिकवता येईल का? मूळ खेळ लिहिणारे एड रॉटबर्ग यांना लष्करी काम मान्य नव्हतं. पुन्हा असं काम देणार नाही, या आश्वासनावर त्यांनी ते केलं. खेळात रणगाडा हवा तिकडे पळवता येई. 'ब्रॅडली ट्रेनर'मध्ये वाहन जागेवर, फक्त तोफ फिरवायची, अंतर जोखायचं आणि समोरचा आपला की परका ते ओळखून मगच गोळी सोडायची. अशी दोनच यंत्रं तयार झाली. योजना पुढे सरकली नाही, पण गनरसाठी बनवलेली ती मूठ अटारीने १९८३ च्या 'स्टार वॉर्स' खेळात वापरली. सैनिकासाठी केलेली मूठ पोरांच्या हातात गेली, ही उलटी वाटचाल मला फार आवडते.

आता माझ्या चुकीकडे येतो. मला खोका 'मूळचा' करायचा होता. म्हणून एका संग्राहकाकडून कॅपकॉमचा अस्सल मुस्तफा बोर्ड मागवला. त्याचे पैसे किती दिले ते घरी अजून माहीत नाही. बोर्ड आला, लावला, आणि चालेना. कारण त्याच्या जन्मातच होतं. नक्कल करणाऱ्यांना अडवायला कॅपकॉमने आवाजाचा कारभार पाहणाऱ्या चिपमध्ये सांकेतिक कुलूप घातलं होतं आणि त्याची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जिवंत ठेवली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड निकामी होतो. छंदी लोक तिला 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. कंपनीने चोरासाठी लावलेलं कुलूप वीस-पंचवीस वर्षांनी मालकालाच लागलं. छंदी लोकांनीच त्या चिपचा पिच्छा पुरवून किल्ली परत भरण्याची पद्धत शोधून काढली. तीन रविवार घालवून आम्ही ती जमवली.

बोर्ड चालला. चित्र स्वच्छ, संगीत भरदार, दोन्ही कानांत फिरणारं. मी दहा मिनिटं खेळलो आणि थांबलो. हा माझा मुस्तफा नव्हता. हे संगीत मी कधी ऐकलंच नव्हतं.

चाचा हसले. त्यांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक उघडा हिरवा बोर्ड काढला. ही नक्कल. नक्कल करणाऱ्यांनी ते कुलूपबंद ध्वनियंत्र सरळ वगळून त्या जागी स्वस्त चिप बसवली होती. किल्ली नाही, म्हणून बॅटरीही नाही. त्यांनी तो पट्टीत खोचला. फुटका, खरखरीत आवाज आला, आणि मी एस.टी. स्टँडजवळच्या गाळ्यात होतो. मी लहानपणी खेळलो तो बोर्ड चोरीचाच असणार.

हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतं. चोरी ती चोरी. ज्यांनी तो खेळ घडवला त्यांना माझ्या रुपयातला पैसाही पोचला नसेल. पण इतिहास लिहायचा तर जे घडलं ते लिहायला हवं. युनिटच्या वॉर डायरीत जे घडायला हवं होतं ते लिहिलं, तर पुढच्यांची दिशाभूल होते. १९९७ पासून जुने खेळ जतन करणाऱ्या 'मेम' या प्रकल्पातही अस्सल बोर्डांबरोबर नकलांची स्वतंत्र नोंद ठेवतात, ती याचसाठी असावी. ओसाकाहून जे निघालं तो एक इतिहास. सातारा आणि बनारसला जे पोचलं, ज्याला चाचांसारख्यांनी डाग देऊन, वायर जोडून दहा वर्षं चालतं ठेवलं, तो दुसरा. माझ्या खोक्याचा इतिहास हा दुसरा आहे. बनारसमध्ये राहून हे कळायला वेळ लागायला नको होता. इथलं विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात नव्याने बांधलं. दर्शनाला येणारा कोणी मूळचं कोणतं म्हणून अडून बसत नाही.

त्यामुळे बुजवलेली भोकं तशीच ठेवली. तिसरी दांडी ठेवली. दांडीचा एक गोळा हरवला होता, तो खोजवाँच्या लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडून कातून घेतला, लाल लाखेचा. पेन्सिलची यादी पुसली नाही. तिच्याखाली चाचांना नवी तारीख लिहायला लावली.

मार्चमध्ये बाबा काशीला आले. एक्याऐंशीचे आहेत. संध्याकाळी व्हरांड्यात माझी मुलगी खेळत होती. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"हे तेच ना, स्टँडजवळचं?"

"तसलंच."

"तो गाळा बंद कसा झाला ठाऊक आहे तुला?" ते म्हणाले. "आम्ही कॉलनीतल्या लोकांनी अर्ज दिला होता. मसुदा माझा होता."

मला हे ठाऊक नव्हतं. "आणि तो चालवणारा? त्याचं पुढे काय झालं?"

"कोण जाणे. चौकशी केली नाही कधी." थोड्या वेळाने म्हणाले, "पोरं पैसे चोरत होती रे. अर्ज देणं भाग होतं. पण चौकशी करायला हवी होती."

मी काही बोललो नाही. ती पोरं म्हणजे मीच होतो. तेवढ्यात मुलीने ओरडून तिसरा गडी मागितला. बाबांनी चष्मा सारखा केला, खुर्ची पुढे ओढली आणि लाल गोळ्याची दांडी धरली. पहिल्याच गुंडाने त्यांना आडवं केलं.

"मारायचं बटण कुठलं?" त्यांनी विचारलं.

पुढच्या वर्षी इथून बदली होईल. खोका माझ्या सामानात येईल, अस्सल बोर्ड त्याच्या आत कापडात गुंडाळून ठेवला आहे. सातारला सुट्टीवर गेलो की स्टँडजवळ जाऊन त्या गाळेवाल्याची चौकशी करायची, हे मी बाबांना सांगून ठेवलं आहे. तेही येणार आहेत.