निर्धूर चुलीचा इतिहास

हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली एक लहानसे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. विषय होता स्वयंपाकघरातील चूल. एका अभियंत्याने घरातल्या चुलीकडे वळावे, ही त्या काळी थोडी नवलाचीच गोष्ट म्हटली पाहिजे. त्याच सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ही आकारास आली होती. दोहोंचे तत्त्व एकच: चुलीचे अंग बंदिस्त, मुख अरुंद, पहिल्या भांड्याखालची आच आपल्या वैलासारखी पुढच्या भांड्याखाली न्यावयाची आणि धूर धुराड्यातून छपराबाहेर सोडावयाचा. बाईचे डोळे वाचावेत व सरपण कमी लागावे, एवढाच हेतू. तो सर्वस्वी स्तुत्य होता.

पुढे १९८० नंतरच्या काही वर्षांत केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो थांबेपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली मांडल्या गेल्याची नोंद आहे. त्यांतील कित्येकींची धुराडी काजळीने तुंबली, कित्येक चुली पावसाळ्यात फुटल्या. परंतु मला सांगावयाचे आहे ते याहून निराळे.

धूर म्हणजे अर्धवट जळालेले सरपण. लाकूड पूर्ण जळाले तर कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ एवढेच उरते, आणि तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे वाढले तर तो वायू पुन्हा झाडात शोषला जातो. घरगुती चुलीत मात्र लाकडातील कार्बनाचा साधारण दहावा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आदींच्या रूपाने निसटतो. त्यातील मिथेन वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. नवे झाड हे कर्ज फेडू शकत नाही.

कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने १९८० नंतर गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले होते. त्यांनीच टाटा ऊर्जा संशोधन संस्थेच्या सहकार्याने भारतातील चूल-इंधनांच्या २८ जोड्या तपासल्या. अहवाल २००० साली निघाला. त्यात असे दिसले की काही ‘सुधारित’ चुली भांड्याला उष्णता अधिक देत, पण कोंडलेली ज्वाला नीट जळत नसल्याने तेवढ्याच स्वयंपाकामागे निसटणारे वायू उलट वाढत. बाईच्या डोळ्यांपुढचा धूर गेला खरा, पण तो गेला आकाशात. तपासलेल्या इंधनांत शेणाचा गोबरगॅस सर्वांत निर्दोष ठरला. तेच शेण गोवरी थापून जाळले की सर्वांत वाईट इंधनांत मोडते!

येथे वकिली बाण्याने एक हरकत नोंदवितो. आरोपीच्या पिंजऱ्यात चूल उभी करावयाची, तर फिर्यादी कोण? १९९१ साली अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी हाच मुद्दा मांडला होता: जगण्यासाठी निघणारा वायू आणि चैनीसाठी निघणारा वायू एकाच तागडीत घालता येत नाहीत. मला तो युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. स्मिथही त्याच बाजूचे निघाले. २००२ साली त्यांनी खनिज तेलाच्या बाजूने लेख लिहिला. लाकूड-शेणावर रांधणारी जगातील दोन अब्ज माणसे सिलिंडरच्या गॅसवर आली, तरी जगाच्या एकूण भारात दोन टक्क्यांहूनही कमी भर पडेल, असा त्यांचा हिशेब होता. मग गरिबालाच खनिज इंधन नाकारण्यात न्याय कोणता?

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली व दहा कोटींहून अधिक घरांत गॅसची जोडणी पोचली. परंतु २०२३-२४ साली या घरांनी वर्षाकाठी भरून घेतलेले सिलिंडर सरासरी चारच्या आसपास होते. चार-पाच माणसांच्या घरी वर्षाचा स्वयंपाक एवढ्यात होत नाही. राहिलेला अजून सरपणावरच होतो.