एड्सची सांथ व हुजूरपक्षाचें धोरण

राज्यकर्त्यांचें धोरण एकाच कागदावरून ठरवूं नये, हा नियम दफ्तरें चाळणाऱ्यांस नवा नाहीं. ब्रिटनमधील हुजूरपक्षाच्या सरकारानें १९८६-८७ सालीं एड्सच्या सांथींत समलिंगी समाजाशीं जो संबंध जोडला, त्याची परीक्षाही आम्ही याच नियमानें करणार आहों.

या सांथीचा पहिला मोठा आघात तेथील समलिंगी पुरुषांवर झाला. टेरेन्स हिगिन्स हा लंडन येथें ४ जुलै १९८२ रोजीं वारला. त्याच्या मित्रांनीं त्याच्याच नांवानें संस्था काढून रोग्यांस आधार व लोकांस माहिती देण्याचें काम हातीं घेतलें. सरकारपक्षीं जाग येण्यापूर्वीचें हें काम होय. पुढें प्रमुख वैद्यकीय अधिकारी डोनाल्ड ॲचेसन यांनीं या मंडळींचा सल्ला घेतला, आणि आरोग्याचें काम ज्यांजकडे होतें ते मंत्री नॉर्मन फाउलर यांनीं रोग कसा पसरतो हें स्पष्ट शब्दांत सांगण्याचें ठरविलें.

येथें मुख्य कागद पुढें येतो. १९८६ च्या आरंभीं वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा मसुदा मुख्य प्रधान मार्गारेट थॅचर यांजकडे गेला. धोक्याच्या संभोगासंबंधींचा भाग हवाच काय, तो कोवळ्या मुलांच्या वाचनांत आल्यास अपाय होईल, अशा आशयाचा शेरा त्यांनीं दिला. हे कागद क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरांत २०१५ च्या अखेरीस खुले झाले. एवढाच शेरा पाहणारा म्हणेल कीं, सरकार या कार्याच्या विरुद्ध होतें.

परंतु पुढील घटना पाहाव्या. त्याच वर्षीं विल्यम व्हाइटलॉ यांच्या अध्यक्षतेखालीं मंत्रिमंडळाची समिति नेमली गेली. २१ नोव्हेंबर रोजीं कॉमन्स सभेंत चर्चा झाली. आणि जानेवारी १९८७ मध्यें, अज्ञानानें मरूं नका असें बजावणारें पत्रक सुमारें २ कोटी ३० लाख घरीं धाडण्यास आरंभ झाला. त्याच महिन्यांत फाउलर सॅन फ्रॅन्सिस्कोस जाऊन रोग्यांस भेटले.

मग पक्षाचें मन पालटलें म्हणावें काय? तेंही नाहीं. याच सरकारानें १९८८ सालीं स्थानिक-स्वराज्य कायद्याच्या २८ व्या कलमानें समलिंगी संबंधांस उत्तेजन देण्याची स्थानिक संस्थांस मनाई केली. हें कलम स्कॉटलंडांत २००० सालीं व इंग्लंड-वेल्समध्यें २००३ सालीं रद्द झालें. फाउलर यांनीं या विषयावर २०१४ सालीं पुस्तक लिहिलें आहे. पण तें मागाहूनचें कथन असल्यानें बखरीप्रमाणेंच अस्सल कागदांशीं ताडून घ्यावें.

सर्व ताडून पाहतां आमचें मत असें कीं, हा स्नेह पक्षाचा नव्हता. सांथीच्या भयानें व वैद्यांच्या सल्ल्यानें कांहीं व्यक्तींनीं घेतलेला तो निर्णय होता. ज्याची वर्तणूक आपणांस मान्य नाहीं त्याचाही जीव वांचविणें सरकारचें कर्तव्य आहे, एवढेंच त्यांत मान्य झालें. तें थोडें नव्हे. परंतु रोगापलीकडे त्याची मजल गेली नाहीं, हें १९८८ चा कायदा सांगतो.

संग्राहकांस एक विनंति. सरकारी कागद दफ्तरांत सुरक्षित राहतात. रोग्यांचीं पत्रें, रोजनिशा व संस्थांचीं हस्तपत्रकें त्यांच्या मृत्यूबरोबर नाहींशीं होतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील हॉल-कार्पेंटर संग्रहानें अशा चळवळींचे कागद जपले आहेत. सांथीचा इतिहास केवळ शेरे मारणाऱ्यांच्या हातचा राहूं नये, म्हणून असे कागद जेथें आढळतील तेथें राखणें अगत्याचें आहे.