स्वभाव, वाणी आणि प्रज्ञा

संवादकौशल्याच्या प्रशिक्षणात माणसांचे स्वभावप्रकार शिकविले जातात. समोरची व्यक्ती तापट आहे की भावनाप्रधान, हे ओळखून बोलावे, अशी ती शिकवण होय. कार्ल युंग यांचा स्वभावप्रकारांवरील ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला. बौद्ध परंपरेने मात्र या प्रश्नाचा विचार कितीतरी शतके अगोदर केला होता.

इ. स. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क अशी सहा चरिते सांगितली. चालणे, बसणे, जेवणे यांवरून चरित ओळखण्याची लक्षणेही त्यांनी नोंदविली. परंतु ही लक्षणे केवळ आचार्यांच्या मतांवर आधारलेली असल्याने त्यांवर सर्वस्वी विसंबू नये, असेही त्यांनीच बजावले. ज्याला परचित्ताचे ज्ञान नाही त्याने शिष्यालाच प्रश्न विचारून त्याचे चरित जाणावे, असे ते म्हणतात. जन्मावरून माणसाचे गुण ठरविणाऱ्या वर्णव्यवस्थेत अशा प्रश्नाला जागाच नव्हती.

बुद्धघोषांचे आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे. द्वेषचरित आणि बुद्धिचरित यांत बाह्य साम्य असते, कारण दोघेही दोष शोधतात. द्वेष नसलेले दोष शोधतो. प्रज्ञा असलेले दोष दाखविते.

हा भेद मराठवाड्याला नवा नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि खेडोपाडी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांतील आंदोलकांच्या वाणीत संताप होता. पण त्या वाणीने दाखविलेला दोष खरा होता. तो संताप केवळ स्वभावाच्या खाती मांडला, तर जळालेल्या घराचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' होते. ज्यांना बोलू दिले गेले नाही, त्यांच्या पहिल्या शब्दांना धार असणारच. पुढे १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयास 'मिलिंद' हे नाव लाभले. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भन्ते नागसेन राजा मिलिंदाला आरंभीच विचारतात, तू पंडितांप्रमाणे चर्चा करणार की राजांप्रमाणे? पंडित खंडन झाले तरी रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्यास दंड देतात. मिलिंदाने पंडितांची रीत स्वीकारली. सत्ता ज्याच्या हाती, त्याने आधी आपली वाणी तपासावी, हाच त्याचा अर्थ.

आज शिरड शहापूरसारख्या गावातील तरुण मुलाखतीसाठी बोलण्याचे धडे घेतो. सम्यक वाचा त्याने अवश्य अंगीकारावी. परंतु तो अन्यायाविषयी बोलत असताना त्याला 'आक्रमक' ठरविण्यापूर्वी ऐकणाऱ्याने एवढेच पाहावे : तो दाखवितो तो दोष आहे की नाही?